कोरडा बोल्ट

३ फेब्रुवारी १९८६
प्लेंटीवूड, माँटाना

टिक. एवढाच आवाज आला, काका. रायफलचा बोल्ट मागे ओढला, काडतूस बर्फात पडलं, दुसरं आत ढकललं, चाप दाबला. पुन्हा टिक. असं चार वेळा. चौथ्या वेळी मी हातमोजे काढले, जणू दोष त्यांचाच होता, आणि बोटांची कातडी लोखंडाला चिकटली.

टिल्डा ओढ्याच्या बर्फावर पडली होती. पुढचा उजवा पाय मोडला होता, हाड दिसत होतं. उणे एकोणतीस. ती ओरडत नव्हती. उठायचा प्रयत्न करत होती, पडत होती, परत प्रयत्न करत होती.

मी गाडी काढली आणि वेंडलकडे गेले. सात मैल. तो जेवत होता. मी दारातूनच म्हटलं, "तुझी रायफल हवी."

"कोण?"

"टिल्डा."

त्याने काटा ताटात ठेवला आणि टोपी घातली. दुसरं काही विचारलं नाही. आम्ही परत पोचलो तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. तिने उठायचं सोडलं होतं. ती ज्या रस्त्याने मी गेले त्या रस्त्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "दे इकडे. माझी घोडी आहे."

वेंडल म्हणाला, "आधी तुझे हात बघ."

मी बघितले. मग त्यानेच केलं.

आपल्याकडे आपलं जनावर आपण संपवतो. शेजाऱ्याला बोलावतात ते अडलेलं वासरू ओढायला, वणवा विझवायला. यासाठी नाही. वेंडल हे कुणाला सांगणार नाही, आणि तो सांगणार नाही याचंच मला जास्त लागतं.

बाबांना जाऊन येत्या मार्चात तीन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत मी त्यांची रायफल गाडीतून कधी काढली नाही, फक्त गेल्या नोव्हेंबरात तुम्ही थँक्सगिव्हिंगला आला होतात तेव्हा घरात आणली होती. त्यानंतर तिच्यातून एकही गोळी झाडली नव्हती. ती चार काडतुसं मी दुसऱ्या दिवशी शोधून आणली. प्रत्येकाच्या बुडाशी टाचणीने टोचल्यासारखा पुसट ठिपका आहे. बस, तेवढाच.

आता दोन गोष्टी सांगा. एक, मला गाडीत ठेवायला रायफल हवी. बोल्टवालीच हवी, मला तीच येते. स्वस्त हवी, आणि खडबडीत रस्त्यावर वर्षानुवर्षं आपटली तरी चालणारी हवी. मार्चमध्ये गाई व्यायला लागतील. त्यांच्यातली एखादी किंवा दुसरं कुठलंही जनावर माझ्यापुढे पुन्हा असं पडलं, तर एक गोळी, आणि ती माझी. यात मी तडजोड करणार नाही.

दुसरी, बाबांची रायफल का उडाली नाही?

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येणार नाही आणि तुम्ही "हो हो" म्हणत राहाल. म्हणून पत्र.

मार्गित

ता.क. तुमचा बक बरा आहे. एकोणतीस वर्षांच्या घोड्याने जेवढं बरं असावं तेवढा.


८ फेब्रुवारी
यूमा, ॲरिझोना

मार्गित पोरी,

पत्र मिळालं. टिल्डाचं वाचून उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. बाहेर ऊन होतं. इथे नेहमीच असतं. समोरचे म्हातारे अर्ध्या चड्ड्या घालून लाकडी चकत्या ढकलण्याचा खेळ खेळत होते. मला बघून एकाने हात हलवला. मी हलवला नाही.

आता रायफल. चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, तेव्हा एवढं तरी सांगू शकतो.

गाडीतली रायफल ही हौसेची वस्तू नव्हे. तिला ओरखडा पडला तर तुला वाईट वाटता कामा नये. वाईट वाटलं की तू ती घरात ठेवशील, आणि घरातली रायफल कुणाच्याच कामाची नाही. म्हणून साधी घे. वापरलेली चालेल. दस्त्यावर चरे असतील तर उत्तम, पहिला चरा तुझ्या हातून पडायची भीती नाही. नळी बघ, आतून उजेडात धरून. चाप ओढून बघ. बोल्ट हाताने बाहेर काढता आला पाहिजे, हत्याराशिवाय, हातमोजे घालून. चापाभोवतीचं कडं मोठं हवं, तुझा जाड हातमोजा आत जाईल एवढं.

काडतुसांचं सुटं मॅगझिन नको. ते निघून सीटखाली जातं, आणि नेमकं हवं तेव्हा पान्हे, दोऱ्या आणि सँडविचच्या कागदात सापडत नाही. आतच बसवलेलं हवं. काडतूस असं हवं की किराणा दुकानातही मिळावं. दुर्बीण नको. आपल्या रस्त्यांवर दुर्बीण सहा महिन्यांत खोटं बोलायला लागते. नेम धरायला नळीच्या टोकाची लोखंडी माशी पुरे, ती खोटं बोलत नाही.

मागच्या काचेवरच्या रॅकमध्ये ठेवू नकोस, ते दाखवायला असतं. सीटच्या मागे, लोकरी घोंगडीच्या पिशवीत. नळीत काडतूस नाही, मॅगझिन भरलेलं. दोनशे डॉलरच्या आत हे सगळं मिळतं. ड्वेनच्या दुकानात बघ. तो बोलतो फार, पण सडकी वस्तू विकत नाही.

तुझ्या बाबांच्या, आर्नेच्या रायफलचं म्हणशील तर ती पहिल्या महायुद्धातली. सत्तर वर्षांची झाली. तिला आता आराम दे.

बकच्या पाठीवर घोंगडी टाकतेस ना?

हॉल्वर काका


१६ फेब्रुवारी

काका,

काल ड्वेनकडे गेले होते. तुमचं पत्र खिशात होतं. मी ते काढून वाचायला लागले तसा तो म्हणाला, "किराण्याची यादी का?"

"हॉल्वर काकांचं आहे."

"अरे देवा. म्हणजे सवलत मागू नकोस, म्हातारा मला तिथूनही शिव्या देईल."

त्याने तीन काढून ठेवल्या. पहिली चकचकीत, अक्रोडाच्या लाकडाची, वर दुर्बीण. मी म्हटलं, "ही लग्नात न्यायची आहे का?" तो म्हणाला, "लग्न ठरलंय का कुणाचं?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडाचं, कुलपाशी." दुकानात दोघे बसले होते ते हसले.

दुसरी वापरलेली. बर्चचं लाकूड, रंग उडालेला, दस्त्याच्या टोकाला कुत्र्याच्या दातांचे व्रण. माशी लोखंडी. मॅगझिन आतलं. तीनशे-आठचं काडतूस, जे पेट्रोल पंपावरही मिळतं. मी हातमोजे घालून बोल्ट काढला. निघाला. नळी आतून स्वच्छ. मी विचारलं, "कुत्र्याने का चावली?" ड्वेन म्हणाला, "मालकावर राग होता." मालक कोण ते सांगितलं नाही.

तिसरी छोटी आणि हलकी. खांद्याला लावली की लागते न लागते. पण मॅगझिन सुटं आणि काडतुसं मागवावी लागतात.

मला दुसरी आवडली, पण तुम्हाला विचारल्याशिवाय घेत नाही. लवकर कळवा. ड्वेन म्हणतो, बाबांची रायफल बदल्यात देणार असशील तर घेतो. तिला आराम द्या असं तुम्हीच लिहिलंत. ती भिंतीवर टांगून रोज तिच्याकडे बघत कॉफी पिणं मला जमणार नाही. पन्नास मिनिटं, काका. मी तिच्याकडे बघितलं की मला ती पन्नास मिनिटंच दिसतात.

पण ती का उडाली नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. सत्तर वर्षांची झाली, हे उत्तर नव्हे. सत्तर वर्षांचे तर तुम्हीही झालात. झिजली असेल तर काय झिजलं? स्प्रिंग? पिन? मला कळायला हवं, नव्या रायफलमध्ये मी तेच बघेन.

बकला घोंगडी टाकते. त्याचे मागचे दात गेले आहेत. दाणे भिजवून देते. खातो, पण अर्धे खाली सांडतो. माझ्याकडे असा बघतो, जणू मीच सांडले.

मार्गित


२१ फेब्रुवारी

मार्गित,

दुसरी घे. विचार करू नकोस. कुत्र्याला चव कळली होती.

घेतल्यावर शंभर पावलांवर कॉफीच्या डब्याचं झाकण लाव आणि गाडीच्या बॉनेटवर घोंगडीची घडी ठेवून तीन गोळ्या मार. मग पन्नासवर. मग वीसवर. वीस पावलांवर गोळी माशीच्या किंचित खाली लागते. तुला जे काम करायचं आहे ते वीस पावलांच्या आतलंच असेल. तेवढं लक्षात ठेव.

आर्नेची बदल्यात देऊ नकोस. टांगायची नसेल तर कपाटात ठेव.

आणि हो, नवी आणलीस की बोल्ट उघडून पेट्रोलने धू आणि कोरडा पूस.

इथे काल चौऱ्याऐंशी अंश फॅरनहाइट होते. मला रात्री झोप लागत नाही, पण ते उन्हामुळे नसावं.

काका


४ मार्च

काका,

तुमचं पत्र बुधवारी आलं. रायफल त्याआधीच्या शनिवारी घेतली. पहिलं वासरू दहा दिवस आधीच आलं, मला औषधासाठी शहरात जावं लागलं, आणि आता गाई सुरू झाल्या म्हटल्यावर तुमच्या उत्तरासाठी थांबता येईना. दुसरीच घेतली. तुम्हीही तीच म्हणालात हे वाचून बरं वाटलं.

बाबांची त्याच दिवशी बदल्यात दिली. त्यामुळे तुमचं "देऊ नकोस" उशिरा पोचलं. का देऊ नकोस तेही तुम्ही लिहिलं नाहीत. ड्वेनने ती मागच्या रॅकवर ठेवली. बाहेर पडताना मी वळून बघितलं नाही.

कॉफीचं झाकण लावलं. शंभरवर तीन गोळ्या, तिन्ही झाकणात, माझ्या पंज्याएवढ्या जागेत. वीस पावलांवर तुम्ही म्हणालात तशी खाली लागते. आता माझ्या डोक्यात ते पक्कं आहे. वेंडल कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "झाकणाने काय बिघडवलं होतं?" मी म्हटलं, "तुझ्यासारखं तोंड करून बसलं होतं." त्याने रायफल हातात घेऊन दातांचे व्रण बघितले आणि परत दिली. चांगली आहे, असं तोंडाने म्हणाला नाही. पण उगाच दोनदा खांद्याला लावली.

पेट्रोलचं वाचून मला हसू आलं. बाबा असते तर घरात पेट्रोलचा वास नको म्हणून त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं असतं. आणि काका, थँक्सगिव्हिंगला माझ्याच टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तुम्ही बाबांच्या बोल्टला तेल दिलंत, विसरलात का? इतकं छान की तो लोण्यातून सरकल्यासारखा सरकत होता. तुम्ही बाटलीही इथेच विसरून गेलात. मी तीच वापरली. तुम्ही केलं तसंच, थेंब थेंब, आत पिनपर्यंत. माझ्या मते तुमच्या हाताचं काम तुमच्या सल्ल्यापेक्षा भरवशाचं.

सतरा वासरं झाली. एक गेलं. रेडिओवर सांगतात की पुढच्या आठवड्यात कॅनडातून पुन्हा थंडी उतरतेय, उणे तीसच्या खाली. येऊ दे. या वेळी गाडीत काय आहे ते मला ठाऊक आहे.

बक रविवारी खाली बसला आणि उठेना. मी आणि वेंडलने पोटाखालून दोर घालून उठवला. उठल्यावर दहा पावलं चालला, मग पाण्याजवळ उभा राहिला, जणू काही झालंच नाही.

मार्गित


९ मार्च, रविवार

मार्गित,

तेल मी घातलं होतं.

टर्की भट्टीत होती. तू बटाटे सोलत होतीस. स्वयंपाकघर गरम होतं, खिडक्यांवर वाफ होती, आर्नेची रायफल माझ्या मांडीवर होती आणि मला फार बरं वाटत होतं. मी पिशवीतून बाटली काढली. ती बाटली इथली आहे. इथे धूळ आहे आणि ऊन आहे, इथे जाड तेल लागतं. तिथल्या थंडीत त्या तेलाची खळ होते. आतली पिन तिच्यातून रांगत जाते, काडतुसाला जेमतेम स्पर्श करते. म्हणून तो पुसट ठिपका. म्हणून टिक.

दर ऑक्टोबरला मी माझ्या दुकानाच्या दारावर पाटी लावायचो. हिवाळ्यात बोल्ट कोरडा ठेवा. सगळ्या तालुक्याला ते मी शिकवलं. वेंडलला शिकवलं तेव्हा तो शाळेत होता. तुला तेवढं शिकवायचं राहिलं, तुमच्याकडे बोल्ट आर्नेच बघायचा. आर्ने सुरुवातीला ऐकायचा नाही, एका जानेवारीत हरणापुढे फजिती झाली तेव्हापासून ऐकायला लागला. आठ वर्षं उन्हात बसलो आणि माझे हात विसरले. हातांवर ढकलत नाही. मी विसरलो.

तुझ्या पहिल्या पत्रात ठिपक्याबद्दल वाचलं, तेव्हाच मला कळलं. उत्तर लिहिताना ते वाक्य तीनदा लिहिलं आणि तिन्ही कागद फाडले. मग लिहिलं, सत्तर वर्षांची झाली. सत्तर वर्षांच्या रायफलला काही होत नाही. ती अजून सत्तर वर्षं चालेल. नवी घे असं इतक्या जोरात सांगितलं, कारण नवी घेतलीस की तू विचारायचं थांबशील असं मला वाटलं. तू थांबली नाहीस. मग पेट्रोलची ओळ शेवटी घुसवली, कारण न देता. कारण दिलं असतं तर सगळंच द्यावं लागलं असतं.

आता तू माझ्याच बाटलीतलं तेल नव्या रायफलमध्ये घातलंस आणि थंडी येतेय. पुन्हा कुणीतरी तुझ्यापुढे बर्फावर पडेल आणि टिक वाजेल. म्हणून हे पत्र जादा पैसे भरून पाठवतोय, ते बुधवारी पोचेल म्हणतात. बुधवार उशिराचा आहे. कालपासून मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा बोललो. घंटा वाजत होती की तू उचलला होतास की कुणीच नव्हतं, मला कळलं नाही. शेजारच्या बाईंना ऐकायला बोलावता आलं असतं. ते मला जमलं नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं.

बोल्ट काढ. पांढरं पेट्रोल घे, शेगडीत घालतो ते. पिन आणि स्प्रिंग वेगळी करून धू. फडक्याने पूस, मग नुसत्या हवेत वाळू दे. काहीही लावू नकोस. आणि रायफल हिवाळाभर घरात आणू नकोस. उबेत आली की तिला घाम सुटतो, आणि परत बाहेर नेली की तो आत गोठतो. ती गाडीतच राहू दे. गाडी जेवढी थंड तेवढीच ती थंड.

टिल्डाची ती पन्नास मिनिटं माझी आहेत. तुझी नाहीत आणि आर्नेच्या रायफलचीही नाहीत.

आता बक. तू लिहीत नाहीस, पण मी वाचतो. दोर लावून उठवलेला घोडा पुन्हा बसतो. उन्हाळ्याची वाट बघू नकोस. मी तिथे असतो तर ते माझं काम होतं. मी नाही, तर तू कर. वेंडल नको. तो उभा असताना कर, पडल्यावर नाही. त्याला ओट्स आवडतात, कोरडे.

हॉल्वर


१७ मार्च

काका,

पत्र बुधवारी आलं. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर तुम्हाला आवडलं नसतं, म्हणून थांबले.

आधी फोन. पहिल्या तिन्ही वेळा मी गोठ्यात होते. चौथ्या वेळी, रविवारी दुपारी, मी उचलला. हॅलो म्हणायच्या आतच तुम्ही सुरू केलंत. "मार्गित, तेल मी घातलं होतं. बोल्ट धू. ऐकतेस का? नसशील ऐकत. बोल्ट धू." मी म्हणत होते, "ऐकतेय काका, ऐकतेय." तुम्ही तेच परत बोललात, अगदी पहिल्यापासून. मी परत तेच म्हटलं. मग तुम्ही फोन ठेवलात. मी रिसीव्हर हातात धरून उभी होते, हाताला वासराचं सगळं लागलेलं.

लगेच पोर्चवर जाऊन बोल्ट काढला. थंडी अजून यायची होती, तरी आत बघितलं तर पिवळट चिकट थर. दोनदा धुतला. फडकं जाळलं. बाटली तुमची होती, म्हणून फेकली नाही. तिचं तेल फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं.

मंगळवारी सकाळी उणे एकतीस. गाडीत बसून बोल्ट ढकलला आणि रिकामा चाप दाबला. टक्. छोटा, कोरडा आवाज. मी दहा वेळा दाबला. मला दुसरं काम नव्हतं असं नाही.

आता राग. मला तुमचा राग आला आहे, पण तेल घातलंत म्हणून नाही. तेल कुणाच्याही हातून पडेल. फेब्रुवारीभर मी बाबांच्या रायफलला दोष देत राहिले आणि तुम्ही मला देऊ दिलात, म्हणून. मी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. हे मी लगेच विसरणार नाही. पण तुम्ही चार वेळा भिंतीशी बोलल्यासारखे फोनशी बोललात, तेही विसरणार नाही. दोन्ही राहतील.

शनिवारी ड्वेनकडे गेले. रॅक रिकामा होता. "कुणी नेली?" तो म्हणाला, "विचारू नकोस." मी म्हटलं, "विचारलं." तो म्हणाला, "वेंडलने. तू दिलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला रविवारी दुकान उघडायला लावलं."

तशीच वेंडलकडे गेले. तो ट्रॅक्टरखाली होता, फक्त बूट दिसत होते. मी बुटांना विचारलं, "बाबांची रायफल तुझ्याकडे आहे?"

बूट म्हणाले, "आहे."

"का घेतलीस?"

"चांगली आहे म्हणून."

"उडाली नव्हती ती."

मग तो बाहेर आला. "त्या दिवशी तू गाडीत हात शेकत होतीस, तेव्हा मी बोल्ट ओढून बघितला होता. मधात चमचा फिरवल्यासारखा. धुतली. आता उडते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तेल तू घातलंस. घोडी गेलेल्या बाईला ते सांगायला कोण जाईल? तू जाशील?"

मी गेले नसते. मग मी म्हटलं, "परत दे."

"नाही."

"वेंडल."

"मार्गित, तू विकलीस, मी घेतली. हरणांच्या दिवसांत हवी तर ने. पण परत आणून द्यायची. आणि घरात न्यायची नाही."

सात मैलांवर आहे, काका. तिची काळजी करू नका. तो बोल्ट कोरडा ठेवतो, तुम्हीच शिकवलंत.

आता बक. काल तो पुन्हा बसला. दोन तास लागले. वेंडल दोर गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "मी करू?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि निघून गेला. वाटेत त्याने गाडी थांबवली, मला वाटलं परत येतोय, पण तो नुसता फाटक लावायला उतरला होता.

उद्या सकाळी करते. थंडी आहे, पण वारा नसेल असं रेडिओवर म्हणाले. गोठ्यामागच्या चढावर नेईन, तिथून त्याला रस्ता दिसतो. तुम्ही म्हणालात तसं, उभा असताना. वीस पावलांच्या आत गोळी किंचित खाली लागते, ते माझ्या लक्षात आहे. रायफल गाडीत आहे, घोंगडीत, सीटमागे. आज तिला हात लावलेला नाही.

पत्र बंद करत नाही. उद्या पुढचं लिहून टाकते.

१८ मार्च, सकाळ

उणे बावीस. वारा नव्हता. बक स्वतःहून उठला होता. ओट्सचा डबा वाजवला तसा चढ चढून माझ्या मागे आला. ओट्स कोरडे होते. त्याने खाल्ले, अर्धे सांडले. एक गोळी.

आठ वाजता गाईंना गवत घातलं. आता टपाल टाकायला निघते.

मार्गित